रामहरीनानांचा मापातला आवाज

तिसगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव सुरू झाला की रस्त्यापलीकडे चहा पिणाऱ्याला जागेवर बसून कळायचं, कुणाचा माल काय भावाने गेला. कुणी येऊन सांगावं लागत नसे. लिलाव पुकारणाऱ्या रामहरीनानांचा आवाज सांगायचा. गोण्यांच्या रांगेतून नाना पुढे, व्यापारी त्यांच्या मागे, आणि मालाचा धनी जीव मुठीत धरून बाजूला, असा तो लवाजमा चालायचा. नाना गोणी पालथी करायला लावत, वरचे टपोरे कांदे हाताने सारत आणि मधला माल बघत. वरचे कांदे शेतकऱ्याने दाखवायला ठेवलेले असतात हे त्यांना पक्कं ठाऊक, कारण स्वतःच्या गोण्या भरताना तेही तेच करत. मग मान वर करून ते आकडा उचलायचे, आणि तो आकडा ट्रकचे हॉर्न, शेळ्यांचं बें-बें, भेळवाल्याचा भोंगा, सगळ्यांच्या डोक्यावरून जायचा.

या आवाजाचा नानांना गर्व होता, आणि का नसावा? जमीन होती, पण निम्मी खडकाळ. शिक्षण सातवीपर्यंत. गावात नानांपेक्षा मोठा सातबारा असलेले पुष्कळ होते. पण ग्रामसभेत गोंधळ झाला, लग्नात वऱ्हाड रुसलं, की लोक नानांकडेच बघत आणि म्हणत, नाना, तुमी जरा बोला. नाना बोलले की माणसं गप्प होत. माणूस आयुष्यभर अशा एखाद्या गोष्टीवर उभा असतो, आणि ती आपल्या पायाखाली आहे हे त्याच्या ध्यानातही नसतं.

मागच्या दिवाळीनंतर आवाज फाटायला लागला. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, रतनबाईंच्या माहेरचा कसलासा काढा झाला. आणि एका बाजाराच्या दिवशी ऐन बोलीत, व्यापारी तोंडाकडे बघत असताना, नानांचं तोंड हललं आणि बाहेर काहीच आलं नाही. नगरच्या डॉक्टरांनी गळ्यातली गाठ काढली. ती साधीच निघाली हे नशीब. पण डॉक्टरांनी पुढचं सांगितलं ते नानांना गाठीपेक्षा जड गेलं. आवाज राहील, म्हणाले, पण मापात. दिवसाकाठी तासभर, तोही हळू. एखाद्या दिवशी जास्त वापरलात तर पुढचे दोन-तीन दिवस मुकाट बसावं लागेल, आणि वरचेवर तसं केलंत तर आहे तोही जाईल.

लिलाव छगनकडे गेला. छगन नानांच्याच हाताखाली तयार झालेला, पोरगा गुणी, त्याच्याविषयी नानांना राग नव्हता. पण त्यांनी बाजाराला जाणं सोडलं. घरी ओट्यावर बसून राहायचे. कुणी विचारपूस करायला आलं तर हाताने खुणा करायचे, आणि माणूस जरा जास्त टेकला तर उठून गोठ्यात जायचे. रतनबाई शेजारणीला म्हणाल्या की लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला टीव्हीवरचं बोलणं नीट ऐकू येतंय. त्या हसून म्हणाल्या, पण नंतर चुलीपुढे बसून त्यांनी डोळे पुसले ते सुनेने पाहिलं.

सून म्हणजे पूजा. वस्तीवरची अंगणवाडी ती चालवायची. घरात म्हातारा असा मिटून बसलेला तिला बघवेना, पण ती समजुतीच्या गोष्टी सांगणाऱ्यांतली नव्हती. अंगणवाडीसाठी चित्रांची, गोष्टींची पुस्तकं घ्यायची ठरली होती आणि नगरला जाऊन ती निवडून आणायचं काम तिच्याकडे आलं होतं. तिचा नवरा आदिनाथ दुधाच्या टेम्पोवर, त्याला सवड नाही. ती नानांना म्हणाली की गठ्ठा जड होईल, तुम्ही चला. नानांनी मान हलवून नाही म्हटलं. पूजाने त्यांची धुतलेली टोपी आणून शेजारी ठेवली आणि एसटीची वेळ सांगितली.

नगरच्या एका गल्लीत शामकांतरावांचं दुकान होतं. वडील, आजोबा शाळामास्तर. हे मात्र पुस्तकं विकायला बसले आणि घरात मास्तरकी न केल्याची कसर गिऱ्हाइकांवर काढायचे. पूजाने आल्या आल्या मुळाक्षरांची तीन, अंकांची दोन, आणि दात घासा, नखं कापा अशा चांगल्या सवयींची पाच पुस्तकं बाजूला काढली. सुपरवायझर मॅडमना हीच आवडतात, ती म्हणाली. नाना स्टुलावर बसले होते. काही कामधंदा नाही म्हणून त्यांनी एक पुस्तक उचललं. वर सोनेरी राजकन्या, चकचकीत. नानांच्या हाताने सवयीने काम केलं. त्यांनी ते पहिल्या पानापासून न उघडता बरोबर मधोमध उघडलं, पाहिलं आणि परत ठेवलं. दुसरं उघडलं, ठेवलं. मुळाक्षरांचं उघडलं, मधोमध ढगातला ढ होता. तेही ठेवलं. पूजाने काढलेली सगळी पुस्तकं अशी एकेक करून परत फळीवर गेली.

पूजाने विचारलं, काय झालं? नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले, मधी काईच न्हाई.

शामकांतरावांना या म्हाताऱ्याची गंमत वाटली. त्यांनी आतून एक आडवं, मोठं, जरा मळकट कव्हराचं पुस्तक आणलं. कुणी घेत नाही, म्हणाले, कारण वरून दिसायला काही नाही. मग त्यांनी सांगितलं की लहान मुलांचं पुस्तक डोळ्यांनी निवडलं की फसगत होते. ते इथंच, दुकानात, मोठ्याने वाचून बघायचं. आपल्याच तोंडाला वाचायला कंटाळा आला तर मुलांना ऐकायला दुप्पट येणार. नाना घुटमळले. दिवसाचा तासभर आवाज, तो परक्याच्या दुकानात खर्चायचा? पण सकाळपासून ते कुणाशीच बोलले नव्हते. आवाज होता शिल्लक.

त्यांनी वाचलं. एक शेळी दावं तोडून पळते आणि घराघरांत शिरून मिळेल ते खाते, एवढीच गोष्ट. पानावर एक ओळ, कुठे दोन. वाचता वाचता नाना मधल्या पानावर आले आणि अडले, कारण तिथे शब्दच नव्हते. नुसतं एक अर्धवट लोटलेलं दार, आणि त्यातून बाहेर राहिलेली शेपटाचं टोक. काउंटरवर रेललेली पूजा आणखी पुढे वाकली.

“आन मग?” ती म्हणाली.

तिचं तिलाच हसू आलं. शामकांतराव म्हणाले की झालं, हीच परीक्षा. त्या दुपारी पुस्तकं अशीच निवडली गेली. नाना हळू आवाजात वाचत, आणि जिथे पूजा पुढचं पान बघायला वाकली नाही ते पुस्तक फळीवर परत. एक चिमणीचं घेतलं, कारण त्यातली चिमणी वाऱ्यावर फुगलेली दिसत होती, खऱ्यासारखी. एक अंधाराचं घेतलं. एक अंड्याचं, ते घरंगळत घरंगळत पानाबाहेर जायचं. दात घासायचं एक पुस्तक पूजाने सुपरवायझर मॅडमसाठी घेतलंच. आणि नानांनी स्वतःच्या हट्टाने एक घेतलं ते बाजाराचं. त्यात कांद्याच्या गोण्या होत्या, तागडी होती, माणसं होती. यात शब्द फार आहेत, तीन-चार वर्षांची मुलं टिकणार नाहीत, असं शामकांतरावांनी सुचवून पाहिलं. बाजारातलं मला नका सांगू, असं नाना म्हणाले नाहीत, पण त्यांचा चेहरा तसं म्हणाला.

वाचणार कोण, हा प्रश्न पूजाने काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तकं नानांच्या हातात दिली आणि ती खिचडीकडे बघायला निघून गेली. समोर सतरंजीवर वस्तीवरची सगळी पोरं. नानांनी टोपी सारखी केली. मग त्यांनी आपल्या भरवशाचं पुस्तक काढलं. बाजाराचं.

ते पुस्तक नानांनी वाचलं नाही. पुकारलं. गोण्यांचं चित्र समोर आलं आणि आतून जुना माणूस उठून उभा राहिला. शब्द भराभर, मान वर, पान उलटलं की हात हवेत. आता ही पोरं कुणाची? कांदेवाल्यांची. बापाच्या खांद्यावर बसून सगळ्यांनी बाजार पाहिलेला. मागून एकजण ओरडला, बाराशे. दुसऱ्याने तेराशे केले. पुढच्या रांगेतली निकिता, रडकी म्हणून प्रसिद्ध, उभी राहून दोन हजार म्हणाली. आणि नानांनी, देवाशपथ, त्या सवयीच्या भरात पुस्तक फाटकन मिटलं आणि निकिताला सौदा देऊन टाकला. गोष्ट निम्मीच झाली होती. पोरं पुस्तकाला झोंबली, खिचडीचं पातेलं सोडून पूजा धावत आली, आणि नानांचा आवाज खरडत खरडत तळाला लागला.

पोरं बसवल्यावर पूजाने शेळीचं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. आता जोर करायला आवाजच नव्हता. नानांनी जेमतेम कुजबुजत वाचलं. ऐकू यावं म्हणून पोरं पुढे सरकली. दाराच्या पानावर नाना दम घ्यायला थांबले आणि सगळी सतरंजी शेपटाकडे बघत राहिली. गोष्ट संपली. निकिता म्हणाली, “परत.” मग सगळीच म्हणायला लागली, परत, परत.

नानांचा चेहरा उतरला. पुस्तक खाली ठेवून ते उठले, चप्पल घातली आणि घरी निघून आले.

दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. तिसऱ्याही नाही. विचारलं तर गोठ्यात. पूजाला वाटलं गळा दुखत असेल. शेवटी संध्याकाळी शेण भरता भरता तिने त्यांना गाठलं, कारण तिथून उठून जायला गोठ्याशिवाय दुसरी जागा नव्हती.

“पोरं रोज इच्यारत्यात, नाना. का येत न्हाई तुमी?”

“मला जमलं न्हाई,” नाना म्हणाले. “पोरांनी फेर मागितला.”

पूजाला आधी कळलंच नाही. मग उलगडत गेलं. लिलावात एकदा सौदा झाला की झाला. तोच माल परत पुकारायला लावला, तर त्याला फेरलिलाव म्हणतात, आणि तो पुकारणाऱ्याच्या तोंडावर मारलेला असतो. बोली नीट ऐकली नाही, भाव पाडून दिला, कुणाला तरी सामील झाला, यातलं काहीतरी चुकलं असा त्याचा अर्थ. नानांच्या उभ्या हयातीत त्यांच्यावर फेरलिलावाची वेळ आली नव्हती. आणि इथे पहिल्याच दिवशी, भर सतरंजीवर, सगळ्या पोरांनी एकमुखाने फेर मागितला होता.

पूजाला हसू आलं होतं, पण सासऱ्याचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

“नाना, गोड गोळी दिली तर पोरगं परत मागतं. औषध दिलं तर कुनी परत मागितलंय का?” ती म्हणाली. “मी दोन वर्सं झाली त्यांना गोष्टी सांगते. मला एकदाबी कुनी परत म्हनलं न्हाई.”

नाना हातातली पाटी घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि विचारलं की सगळीच म्हणाली होती का, का ती एक निकिताच. सगळीच, पूजा म्हणाली. नानांनी पुन्हा विचारलं. सगळीच.

त्यानंतर अंगणवाडीत नानांचा नागा पडला नाही. हळूहळू त्यांना त्यातली गोम कळत गेली. पुस्तक मांडीवर नाही, खांद्याशी धरायचं, पोरांकडे तोंड करून, आणि स्वतः तिरक्या नजरेने वाचायचं. पान लगेच उलटायचं नाही. बाजारात क्षणभर थांबलं की भाव पडतो; इथे थांबलं की पोरं पुढे सरकतात, चित्रातलं काहीबाही दाखवतात, लेखकालाही माहीत नसेल असं. शब्द बदललेला चालत नाही. नानांनी एकदा घाईत एक ओळ गाळली तर निकिताने पान धरून ठेवलं आणि ती ओळ वसूल करून घेतली. बाजाराचं पुस्तक नानांनी आपल्या हाताने कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. शामकांतरावांचं बरोबर होतं, हे त्यांनी पूजाकडे एकदा कबूल केलं, तेही तिने विचारल्यावर.

आणि आवाज? तो ते जपून वापरू लागले. सकाळी उठल्यापासून कुणाशी एक शब्द नाही. दुधाचा हिशोब बोटांवर, बैलाला हाक म्हणून शीळ. सगळा आवाज अकराच्या सुमाराच्या गोष्टीसाठी राखलेला. रतनबाई लटक्या रागाने सांगत सुटल्या की पोरांना गोष्टी आणि मला खुणा. पण चुलीपुढचं ते डोळे पुसणं थांबलं होतं. पोराला सोडायला आलेल्या आया दारातच रेंगाळू लागल्या. शेजारच्या वस्त्यांवरच्या सेविका पुस्तकं घ्यायला निघाल्या की पूजाला निरोप यायचा, नानांना विचार, कोणती घेऊ. नाना गंभीरपणे सांगायचे की मधून उघडून बघ, आणि कुणालातरी वाचून दाखव. टोपी पुन्हा लिलावाच्या दिवसांसारखी तिरकी बसायला लागली होती. वस्तीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

अशात एके संध्याकाळी छगन आला. बरोबर एक खोकं. व्यापाऱ्यांनी पैसे काढून कमरेला लावायचा स्पीकर आणि तोंडाशी धरायचा माईक आणला होता. नाना, आता वरडायचं कामच न्हाई, तो म्हणाला, तुमी नुसतं बोला. तुमच्याबिगर बाजारात राम न्हाई. नानांनी माईक हातात घेतला आणि हळूच स्वतःचं नाव घेतलं. अंगणभर तोच जुना आवाज उभा राहिला. शेजारपाजारची माणसं बाहेर आली. नानांनी माईक उलटसुलट करून पाहिला. ते माईककडे बघत राहिले, आणि रतनबाईंनी त्यांच्या हातातून तो काढून खोक्यात ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

पूजाने खोक्याचं झाकण लावलं. तिला डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं. माईक आवाज मोठा करतो, पण सकाळपासून दुपारपर्यंत बोलायचं तर गळ्यालाच असतं. नानांनाही ते कळत होतं. तरी बाजाराच्या दिवशी ते गेले. कोण नसता गेला? पूजाने त्या दिवशी पोरांना गोष्टीऐवजी चेंडू दिला.

त्या दिवसाचं वर्णन तिसगावात अजून करतात. नाना रांगेत उभे राहिले तेव्हा व्यापाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोणी पालथी झाली, वरचे कांदे सारले गेले, आणि आकडा उचलला तो थेट रस्त्यापलीकडे. एकही बोली चुकली नाही. शेवटची रांग संपली तेव्हा छगनने त्यांच्या पायाला हात लावला. नाना त्या दिवशी फार मोठे झाले होते, आणि हे मी हातचं राखून सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाणी मागायला तोंड उघडलं तर श्वासाशिवाय काही निघालं नाही.

तरी अकराच्या सुमाराला ते अंगणवाडीत गेले. पूजाने हातानेच राहू द्या म्हटलं. नाना बसले. पोरं पुढे सरकली. नानांनी शेळीचं पुस्तक खांद्याशी धरलं, पहिलं पान उघडलं आणि गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली. पोरांनी बघितलं. त्यांना वाटलं, आज थांबायची जागा पहिल्याच पानावर आहे. ती थांबली. बराच वेळ थांबली.

मग निकिताने पहिली ओळ म्हटली. शब्दाला शब्द. दुसरी ओळ दोघातिघांनी धरली. नानांनी पान उलटलं, आणि सगळी सतरंजी वाचायला लागली. ओरडून नाही, हळू, नानांसारखं. खरखर सुद्धा त्यांनी उचलली होती. दाराचं पान आलं. नाना दम घ्यायचे तिथे सगळ्यांनी दम घेतला आणि शेपटाकडे बघत राहिले. एवढीएवढीशी पोरं, एकालाही अक्षर येत नाही, आणि एकही चूक नाही. पूजाने पदर तोंडाला लावला. नानांनी पुस्तक खाली येऊ दिलं नाही.

छगन कधीचा दारात उभा होता. काखेत माईकचं खोकं. पुढच्या बाजाराचं विचारायला आला होता. गोष्ट संपल्यावर त्याने विचारलंही, पण फार हळू, जणू देवळात आलाय.

नानांनी पूजाकडे बघितलं, मग पोरांकडे. आणि त्यांनी असली नसली हवा गोळा केली. आवाज कसला, नुसती फुंकर. छगनला जवळ येऊन वाकावं लागलं.

“तिथं तू हायेस,” नाना म्हणाले. “हितं मी लागतो.”

छगनने खोकं काखेत नीट धरलं आणि चपला काढून सतरंजीच्या मागच्या कडेला बसला, कारण निकिताने तोवर परत म्हटलं होतं, आणि नानांनी पुस्तक पहिल्या पानावर आणलं होतं.